दर्याकडली चेन

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका डोझरखाली पाठीवर आडवी पडले होते आणि कपाळावर ग्रीस ठिबकत होतं. ते म्हणाले, "ताई, दिवाळी अंकासाठी काहीतरी प्रेरणादायी लिहा. पुरुषांच्या क्षेत्रातली एकटी मुलगी, असं." मी म्हटलं, तसलं हवं असेल तर दुसरं कोणीतरी बघा. पाना कोण फिरवतंय हे बोल्टला कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांच्यासाठी लिहायची मला हौस नाही.

"मग तुम्ही काय लिहाल?"

"डोझरची चेन का उतरते ते लिहीन."

मग म्हणाले, "लिहा. पण आमच्या वाचकांना कळेल असं लिहा."

तर कळेल असं लिहिते. डोझर तुम्ही पाहिलेला आहे. पुढे लोखंडी पातं, वर केबिन किंवा नुसतंच छप्पर, आणि चाकांच्या जागी दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांची साखळी. पुस्तकात तिला ट्रॅक म्हणतात. साइटवर ट्रॅक म्हणालात तर लोक रेल्वेकडे बघतात. आमच्याकडे ती चेन. मागच्या बाजूला दात असलेलं चाक असतं, ते चेन ओढतं. पुढे एक बिनदाती मोठं चाक असतं, ते चेन वळवून परत पाठवतं. दोघांच्या मधे, जमिनीलगत, रोलरांची ओळ. मागचं चाक, पुढचं चाक आणि मधले रोलर हे सगळं एका सरळ रेषेत असलं पाहिजे. आमचा निम्मा धंदा एवढ्या एका वाक्यात आला.

रेष सुटली की चेन आतून घासायला लागते, एका अंगाला चढते आणि एक दिवस निसटून बाजूला पडते. काही टन वजनाचं यंत्र एका पायावर लंगडं होऊन उभं राहतं. ते पुन्हा चेनवर चढवायला जॅक लागतात, पहारी लागतात, चार माणसं लागतात आणि भरपूर शिव्या लागतात.

मी आयटीआयची डिझेल मेकॅनिक. राहते सरावलीला. काम बोईसरच्या बाहेर एका यार्डात, जिथे माझ्याहून वयाने मोठे डोझर येतात. नव्या यंत्रांना कंपनीचे लोक लॅपटॉप घेऊन येतात. जुन्यांना आम्ही. कामावरून सुटल्यावर मी कामगार संघटनेची पत्रकं लिहिते. कारखान्यात कोणाचा हात गेला, कोणाला हातमोजे दिले नव्हते, मोर्चा कधी, पालघरला किती वाजता जमायचं. पत्रकात एक सोय असते. दोषी कोण हे पहिल्या ओळीच्या आधीच ठरलेलं असतं. दुरुस्तीत ही सोय मिळत नाही, आणि मी ते फार उशिरा शिकले. हा लेख त्याबद्दल आहे.

आमच्या यार्डाचे मोठे मिस्त्री म्हणजे रामआधारजी. उत्तरेकडून तरुणपणी आले ते इथलेच झाले. मराठी सगळी समजते, बोलतात हिंदीच. यंत्राजवळ गेले की आधी चपला काढतात. मला वाटायचं श्रद्धा आहे. विचारलं तर म्हणाले, "बेटी, नंगे पाँव से थरथराहट पता चलती है।" मी बूट घालूनच काम करते, कारण पायावर रोलर पडला तर थरथराट कळून उपयोग नाही. सुरक्षेवर मी त्यांच्याशी रोज भांडते. ते रोज ऐकून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चपला काढतात.

पण नजर अशी की विचारू नका. चेन तपासायची पद्धत त्यांनीच मला शिकवली. आधी चिखल खरवडून काढायचा. लोकांना तेच नको असतं, थेट हातोडा हवा असतो. मग चेनच्या कड्यांच्या आतल्या बाजूवर बोट फिरवायचं. एकाच अंगाला झिलई आली असेल, धार आली असेल, तर घासतंय. मागच्या चाकाचे दात बघायचे, दोन्ही बाजूंनी सारखे झिजलेत की एकाच. मग मागून पुढे दोरी ताणायची. शेवटी यंत्र सपाट जागी नेऊन स्टिअरिंगला हात न लावता सरळ चालवायचं आणि शेजारून आपण चालत बघायचं की पुढचं चाक चेनच्या मधोमध आहे की कुठे कलतंय. पुढे जाताना एका बाजूचं बघायचं, मागे येताना दुसऱ्या बाजूचं.

या सगळ्याऐवजी साइटवर काय करतात? चेन ताणतात. पुढच्या चाकामागे ग्रीसगनने ग्रीस मारलं की चाक पुढे सरकतं आणि चेन घट्ट होते. चेन उतरली, ताण. आवाज आला, ताण. उमरोळीकडे एका खडीच्या खाणीवर मालकांनी स्वतः ग्रीसगन हातात घेऊन चेन इतकी ताणली होती की यंत्र चालताना किंचाळायचं. "आता नाही उतरणार," ते मला अभिमानाने म्हणाले. मी म्हटलं, "नाही उतरणार. तुटणार." ते रागावले. म्हणाले, पोरीला काय कळतं. आठवड्याने चेनच्या कड्या जोडणारी पिन तुटली. मी गेले तेव्हा ते खुर्चीवर बसून दुसरीकडे बघत होते. चहा मात्र बिस्किटांसह आला.

आता काशिनाथकाकांची गोष्ट.

चिंचणीच्या पुढे खाडीलगत एक मातीचा बांध आहे. भरतीचं खारं पाणी भाताच्या जमिनीत येऊ नये म्हणून. तो उंच करायचं काम एका ठेकेदाराकडे होतं आणि ठेकेदाराचा डोझर आमच्या ओळखीचा होता, दोनदा यार्डात येऊन गेलेला. त्यावर ऑपरेटर काशिनाथकाका. पंचावन्नच्या पुढचे, चिंचणीचेच. वडील, भाऊ, चुलते सगळे मासेमारीवर. हे एकटे जमिनीवर कसे राहिले असं मी एकदा विचारलं होतं.

"होडीत बसलो का उलट्या, गो. बापूस म्हने ह्याला दर्या नको, दर्याला हा नको. मंग हे डुक्कर भेटलं," असं म्हणून त्यांनी डोझरच्या बॉनेटवर थाप मारली. "याच्यावर कदी उलटी नाय झाली."

त्यांचा फोन आला. "बाय, दर्याकडली चेन उतरली. तिसरी येळ हाय. शेठ बोंबलतोय."

पहिल्या दोन वेळी तिथल्याच लोकांनी पहारी लावून चेन चढवली होती. आता मला बोलावलं. मी गेले. बांध समुद्राला समांतर, दक्षिणोत्तर. डोझर डहाणूकडे, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून उभा. समुद्र डाव्या हाताला. डावी चेन चिखलात पडलेली. सरळ आहे, मी म्हटलं. दर्याकडली म्हणजे डावी.

डाव्या बाजूचं पुढचं चाक उघडलं. ते ज्या पट्ट्यांमधे बसून मागेपुढे सरकतं त्या पट्ट्या झिजून चाकाला आडवं हलायला चांगली दोन बोटं जागा झाली होती. म्हणजे दोष सापडला. नव्या पट्ट्या टाकल्या, उरलेली फट भरायला पत्र्याचे पातळ तुकडे, ज्यांना आम्ही शिम म्हणतो, ते घातले. दोरी ताणली. चेन चढवली, जेवढी सैल हवी तेवढी सैल ठेवली. सपाट जागी चालवून बघितलं. चाक मधोमध. मी खूश. काकांनी डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी दिली, तीही खाल्ली.

मग जॉबकार्ड भरलं. काय काम केलं ते लिहिलं आणि खाली नेहमीची ओळ लिहिली. "चालकाने उतारावर वळताना काळजी घ्यावी."

ही ओळ आमच्या धंद्यात सगळे लिहितात. पहिल्याच महिन्यात रामआधारजींनी शिकवली होती. "ये लाइन हर कार्ड में डाल देना, बेटी। अपना गला बचता है।" मी शेकडो कार्डांवर ती लिहिली असेल. दुकानदार पावतीच्या खाली लिहितात ना, विकलेला माल परत घेतला जाणार नाही, तशी. अर्थ कोण बघतंय.

तीन दिवसांनी फोन. "बाय, दर्याकडली परत उतरली."

मला राग आला. माझं काम होतं ते. पट्ट्या नव्या, दोरी सरळ, मी स्वतः चालत जाऊन बघितलेलं. मग उतरली कशी? आणि तोंडातून निघून गेलं, "काका, तुम्ही झटका देऊन वळवता का?"

ते एवढंच म्हणाले, "तू पन?" आणि फोन ठेवला.

पंधरा मिनिटांनी ठेकेदाराचा फोन. एकदम मोकळा आवाज, जणू डोक्यावरचं ओझं उतरलंय. "मॅडम, तुम्ही या, चेन चढवा. पण तुमच्या कामात काही चूक नाही हां. तुम्ही तर लिहूनच दिलंय ना, चालकाने काळजी घ्यावी म्हणून. कार्ड आहे माझ्याकडे. सोमवारपासून दुसरा माणूस आणतोय. म्हातारा झाला तो."

आदल्याच आठवड्यात मी एक पत्रक लिहिलं होतं. यंत्र बिघडलं की कामगारावर ढकलायचं आणि कामगार बिघडला की नशिबावर, अशा अर्थाचं काहीतरी, मोठ्या अक्षरात. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि इथे माझ्याच अक्षरातल्या एका ओळीवर एका माणसाची सीट चालली होती. ती ओळ लिहिताना मी काकांकडे बघितलंही नव्हतं. बोंबलाची चटणी खात होते.

रामआधारजींना सांगितलं. ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "लाइन तो ठीक थी।"

"माझा गळा वाचला, मिस्त्री. त्यांचा अडकला."

"तो जा," ते म्हणाले. "और इस बार पूछ के खोल।"

इतकी वर्षं ते मला शिकवत होते, 'देख के खोल'. विचारून उघड, हे पहिल्यांदाच म्हणाले.

मी गेले. बांधावर ठेकेदार उभा, काका दूर एका दगडावर पाठ करून बसलेले. आणि डोझर तारापूरकडे तोंड करून उभा. दक्षिणेकडे. चिखलात पडलेली चेन उजवी होती.

मी जिथे होते तिथेच थांबले. डाव्या बाजूला जाऊन बघितलं. माझ्या नव्या पट्ट्या, माझे शिम, सगळं जागच्या जागी. चेन घट्ट बसलेली. माझं काम टिकलं होतं. उतरली होती ती दुसरीच.

काकांजवळ गेले. "काका, फोनवर तुम्ही दर्याकडली म्हणालात."

"मंग? दर्याकडलीच हाय ना. दर्या कुटं हाय बघ."

समुद्र त्यांच्या बोटापुढे होता. डोझरच्या उजव्या हाताला.

"आधीच्या वेळी कुठली होती? पहिल्यांदा?"

"दर्याकडली."

"म्हणजे डावी का उजवी?"

आता ते चिडले. "डावी-उजवी कोनाची? माजी का तुजी? तू समोर उभी राह्यली का तुजी डावी ती माजी उजवी. डोझर फिरला का परत उलटी. आमच्याकडं होडीत कोन डावीउजवी बोलत नाय. दर्याकडं नायतर डोंगराकडं. होडी फिरंल, दर्या फिरतो काय?"

"पहिल्यांदा तोंड कुठे होतं?"

"तारापूरकडं. दुसऱ्या येळी डहाणूकडं. तवा तू आली ती पन डहाणूकडं. आता परत तारापूरकडं." त्यांनी बोटं मोडत सांगितलं, अगदी सावकाश, जसं मठ्ठ पोराला सांगतात. "तुला पयल्या दिवशी सांगितलं होतं गो. तू ऐकलं नाय."

पहिल्या वेळी उजवी. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी डावी. आता पुन्हा उजवी. दर वेळी समुद्राच्या बाजूची, म्हणजे उताराच्या खालच्या बाजूची. बांधाच्या समुद्राकडच्या उतारावर डोझर तिरका चालायचा, सगळा भार खालच्या चेनवर यायचा, आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सारख्याच झिजलेल्या असणार. ज्या बाजूवर भार येई ती सुटे. काकांनी एका शब्दात पूर्ण निदान सांगितलं होतं. मी त्या शब्दाचं मनातल्या मनात डावीत भाषांतर केलं आणि निम्मंच यंत्र दुरुस्त केलं.

उजवी बाजू उघडली. चाक हलवून बघितलं. दोन बोटं, अगदी डावीसारखंच. ठेकेदाराला बोलावून त्याचा हात धरून त्या फटीत घालायला लावला. "हलवा." त्याने हलवलं. "आता सांगा, हे काकांनी केलं?"

"पण मॅडम, तुम्हीच तर लिहिलं..."

"मी चुकीचं लिहिलं."

त्याच्या धंद्यात हे वाक्य त्याने कधी ऐकलं नसावं. खरं सांगायचं तर माझ्या धंद्यात मीही नाही.

दुपार गेली त्यात. नव्या पट्ट्या, शिम, चेन चढवणं, दोन्ही बाजूंचा ढिलेपणा सारखा करणं. पहार काकांनीच धरली. माझ्या हाताने चेन जागेवर जात नव्हती तेव्हा म्हणाले, "तिला वरून नको दाबू, खालून उचल." उचलली. गेली.

मग ठेकेदार म्हणाला, मला बघायचंय. सपाटीवर नको, उतारावर. बरोबर होतं त्याचं. सपाटीवर तर मागच्या वेळीही ठीक चाललं होतं, आणि मी तेवढ्यावर खूश होऊन घरी गेले होते.

काका चढले. डहाणूकडे तोंड करून समुद्राकडच्या उतारावर उतरले, शंभर पावलं गेले, पात्याने माती ढकलली, मागे आले. मी बाजूने चालत होते, डोळे डाव्या चाकावर. मग त्यांनी यंत्र वर घेऊन वळवलं, तारापूरकडे तोंड केलं आणि पुन्हा उतारावर. आता उजवं. जिथे चेन निसटली होती त्याच जागी ते मुद्दाम थांबले आणि मागे घेता घेता वळले. हेच सगळ्यात वाईट असतं. उतारावर, मागे जाताना, वळणं. कड्या एकामागून एक चाकावर आल्या, मधोमध बसल्या आणि पुढे गेल्या. त्यांनी तसंच तीनदा केलं. झटका कुठेच नव्हता. इतक्या वर्षांत मी इतका मऊ हात पाहिला नाही, आणि त्या हाताबद्दल मी फोनवर काय विचारलं होतं!

ठेकेदार म्हणाला, "ठीक आहे. काका राहू देत. सोमवारच्या माणसाला नको सांगतो." मला वाटलं, संपलं. हत्यारं गोळा करायला लागले.

काका खाली उतरले. "ते कार्ड कुटं हाय?"

"अहो, राहिलं ना तुमचं काम," ठेकेदार म्हणाला. "कागदाचं काय एवढं?"

"शेठ, आज तुमी हाय म्हनून मला 'राहा' बोलता. उद्या दुसरा शेठ येल. तो मला नाय विचारनार, कागदाला विचारंल. ते खोडा."

मोर्चांत मी हेच बोलत असते, लेखी घ्या, लेखी घ्या. काकांना कोणी पत्रक दिलं नव्हतं.

ठेकेदाराने गाडीतून फाइल आणली. मी जुन्या कार्डावर ती ओळ आडवी रेघ मारून खोडली, शेजारी सही केली. "खोडाखोड केलेलं कार्ड ऑफिस घेत नाही," ठेकेदार म्हणाला. मग नवं कार्ड घेतलं. दोन्ही बाजूंचं काम लिहिलं. खाली लिहिलं, "आधी एकच बाजू दुरुस्त केली, ही मेकॅनिकची चूक. चालकाचा दोष नाही." काकांना वाचायला दिलं. त्यांनी अक्षरावर बोट ठेवून हळूहळू वाचलं. त्यांना चूक दाखवायची सवय नव्हती, पण शोधायची होती.

"चालक कोन?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"मंग नाव लिव ना. चालक म्हनजे कोनपन."

मी 'चालकाचा' खोडणार होते, तर ठेकेदार ओरडला, "खोडाखोड नको, मॅडम!" काका पहिल्यांदा हसले. मी त्याच्या वर, बारीक अक्षरात, काकांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. सही केली. ठेकेदारानेही केली. काकांनी मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला, नीट आलाय का ते उन्हाला हात आडवा धरून बघितलं, आणि मोबाइल खिशात ठेवून खिशाचं बटण लावलं.

त्या दिवसापासून ती नेहमीची ओळ मी लिहिलेली नाही. रामआधारजी म्हणतात, एक दिवस पस्तावशील. पस्तावेन तेव्हा पस्तावेन. फोन आला की आता मी कुठली चेन एवढंच विचारत नाही, उतरली तेव्हा तोंड कुठे होतं तेही विचारते. लोकांना वाटतं बाई विचित्र आहे. वाटू दे. काम आवडतं मला. जुनं यंत्र पुन्हा सरळ चालायला लागलं की जे सुख होतं ते कुठल्या सभेत नाही मिळालं, आणि सभा मी सोडणारही नाही.

त्या संध्याकाळी फोटो काढून झाल्यावर मी काकांना काहीतरी म्हणणार होते. माफी मागायची होती, तोंडी, कार्डाबाहेरची. शब्द जुळवत होते. ठेकेदारही उगाच घुटमळत होता. तेवढ्यात काका सीटवर चढून बसले, इंजिन चालू केलं आणि आम्हा दोघांकडे बघून हात हलवला.

"उभे काय राह्यलात? सरका बाजूला. भरती येयाच्या आत येवढा उतार करायचा हाय."

ठेकेदार आणि मी, दोघंही सरकलो.